जुने स्पीकर पुन्हा वाजते करताना: पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या ऐकण्यापर्यंत

माळ्यावरून किंवा कोणाच्या तरी अडगळीच्या खोलीतून जुन्या स्पीकरची जोडी हाती लागली की बहुतेक जण धूळ पुसतात, वायर जोडतात आणि आवडतं गाणं मोठ्याने लावतात. पाच मिनिटांत वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा शंकू, खरखरायला लागतो. मग उत्साहाच्या भरात एका सुट्टीच्या दिवशी फोम, कपॅसिटर, वायर, स्टँड असं सगळं एकदम बदललं जातं. आवाज बदलतो, पण कशामुळे बदलला आणि तो सुधारला की बिघडला, हे नंतर सांगता येत नाही. माझी पहिली जोडी मी अशीच हातची घालवली. क्रॉसओव्हरचे, म्हणजे वरचे आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या आतल्या सर्किटचे, सगळे कपॅसिटर एकाच संध्याकाळी बदलले. वरचे सूर टोचायला लागले, आणि मूळ आवाज कसा होता हे विचारायला काही शिल्लकच राहिलं नाही.

म्हणून एक नियम आधीच सांगतो. विद्युत भागाचं काम एका वेळी एकाच स्पीकरवर करा, दुसरा साक्षीदार म्हणून तसाच ठेवा. जोडीचा खरा फायदा हाच आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज डोक्यात जपून ठेवता येत नाही, शेजारी उभा असलेला स्पीकर मात्र तो आत्ता ऐकवतो.

हा लेख साध्या, बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालणाऱ्या स्पीकरपुरता आहे. विजेच्या प्लगवर चालणारे स्पीकर आणि क्वाड ईएसएलसारखे इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल यात धरलेले नाहीत. त्यांच्या आत हजारो व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ टिकून राहू शकतात.

## १. वायर जोडण्याआधी नुसतं बघा

ग्रिल, म्हणजे समोरची जाळी, काढा. तिच्या पिना जुन्या आणि ठिसूळ असतात, म्हणून एक कोपरा धरून ओढू नका, चारही बाजूंनी थोडं थोडं सैल करा. मग चांगल्या उजेडात ही तपासणी करा.

वूफरच्या शंकूभोवतीचा लवचीक गोल पट्टा म्हणजे सराउंड. तो कशाचा आहे हे आधी ओळखा. फोमचा असेल तर बोटाच्या टोकाने अगदी हलकं दाबा. बोट चिकट झालं, भुगा पडला किंवा पट्टा चिरला, तर तो संपला. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने आणि उन्हाने दहा-वीस वर्षांत कुजतो, स्पीकर वापरात असो वा नसो. रबराचा सराउंड बराच जास्त टिकतो. कापडाचा सराउंड सहसा फाटत नाही, पण त्यावरचा लेप सुकून तो कडक होतो किंवा त्यातून हवा जाऊ लागते.

ट्वीटरला, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या घुमटाला, हात लावू नका. विशेषतः यामाहा एनएस-१००० सारख्या मॉडेलमध्ये घुमट बेरिलियमचा असतो. तो फुटलेला असेल तर त्याचे तुकडे किंवा भुकटी श्वासावाटे जाणं धोक्याचं आहे, त्यामुळे तो स्पीकर उघडायच्या भानगडीत पडू नका.

मागे किंवा पुढे आवाज कमी-जास्त करायच्या गोल खुंट्या असतील तर त्या आत्ता कुठे आहेत याचा फोटो काढा. फोटो काढल्याशिवाय काहीही फिरवायचं नाही.

थांबा: फोम गेलेला असेल तर टप्पा ३ सोडून द्या. आधाराविना हलणारा शंकू तिरका होतो आणि व्हॉइस कॉइल (शंकूला जोडलेलं तारेचं वेटोळं) चुंबकाच्या फटीत घासून कायमची खराब होऊ शकते. 'एकदा ऐकून तर बघू' या मोहापायी बदलता येणारा फोम जातोच, वर वूफरही जातो.

## २. मल्टिमीटर आणि एक बॅटरी

मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि स्पीकरच्या मागच्या दोन टर्मिनलांना लावा. आठ ओहम लिहिलेल्या स्पीकरवर साधारण ५.५ ते ७, आणि चार ओहमवर ३ ते ३.५ च्या आसपास आकडा येतो. छापलेला आकडा कधीच जुळत नाही, त्यामुळे घाबरू नका. डावा आणि उजवा एकमेकांशी जुळतात का, एवढं बघा. आकडाच आला नाही तर कुठेतरी जोड तुटलेला आहे. एक ओहमपेक्षा कमी आला तर तो स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला लावू नका.

या मोजमापात ट्वीटर दिसत नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो मल्टिमीटरचा एकदिश प्रवाह अडवतो. ट्वीटर जिवंत आहे की नाही हे नंतर, पेटी उघडल्यावर, त्याच्या स्वतःच्या टोकांवर मोजायचं.

आता दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. धन टोक लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवा. वूफर बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलायला हवेत, हे जास्त महत्त्वाचं. जुन्या जेबीएलचे वूफर लाल टोकाला धन दिल्यावर आत जातात. तो बिघाड नाही, त्या काळची त्यांची पद्धत आहे, म्हणून आतल्या वायरी 'दुरुस्त' करत बसू नका.

इशारा: सेल फक्त क्षणभर टेकवायचा. नऊ व्होल्टची बॅटरी नको. आणि ट्वीटरच्या टोकांना कोणताच सेल थेट लावायचा नाही.

## ३. पहिलं वाजवणं, बोलण्याइतक्या आवाजात

वायर जोडताना आणि काढताना अ‍ॅम्प्लिफायर बंद. टोन कंट्रोल मध्यावर, लाउडनेसचं बटण बंद, आवाज दोन माणसं बोलतात तेवढा.

पहिल्यांदा गाणं नको, माणसाचं बोलणं लावा. घरातल्याच कोणाचा तरी आवाज मोकळ्या जागेत फोनवर रेकॉर्ड केला तर उत्तम. वाद्याचा आवाज खरा कसा असतो याबद्दल आपण वाद घालू शकतो, पण रोज ऐकतो त्या माणसाच्या आवाजात नाकातला किंवा डब्यातला सूर आला तर तो लगेच कळतो.

मग कागदाची सुरळी करून तिचं एक टोक कानाला आणि दुसरं ट्वीटरच्या तोंडापासून दोन बोटं लांब धरा. प्रत्येक ट्वीटर आणि मिडरेंज (मधले सूर वाजवणारा) असा वेगवेगळा ऐका. मेलेला ट्वीटर वूफरच्या आवाजात लपून जातो, आणि लोक वर्षानुवर्षं त्याला 'उबदार आवाज' म्हणत राहतात. आठवणीतल्या गोडव्याचा बराच भाग बंद पडलेल्या ट्वीटरचा असतो, असं माझं मत आहे.

ट्वीटर मुका असेल तरी तो जळालाच असं समजू नका. आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्या गोल खुंट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. आतली तार आणि तिच्यावरून सरकणारा संपर्क यांच्यावर गंज चढतो, आणि ट्वीटर तिथेच अडतो. फिरवल्यावर खरखर करत जीव आला तर दोष खुंटीचा. ती उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावी लागेल. १९८० नंतरच्या काही ट्वीटरमध्ये फटीत चुंबकीय द्रव भरलेला असतो. तो वाळून घट्ट झाला की आवाज येतो, पण दबका.

शेवटी २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर अगदी हळू आवाजात सोडा. एखाद्या ठिकाणी बझ आला तर आधी स्क्रू, लोगोची पट्टी आणि ग्रिलच्या पिना दाबून बघा. वूफर शेवटी.

## ४. उघडणं

पेटी पाठीवर झोपवा, खाली टॉवेल घाला. वूफरच्या शंकूवर पुठ्ठ्याची गोल चकती ठेवा आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. चुंबक लोखंडी टोकाला ओढून घेतो, हात निसटतो आणि कागदाला भोक पडतं. पुठ्ठा कापायचा कंटाळा करून मी असं एक भोक पाडून घेतलेलं आहे.

वूफर ओढून बाहेर काढायच्या आधी थोडासा उचला आणि आतल्या वायरींचे रंग, कुठल्या टोकाला कुठली वायर, याचे दोन-तीन फोटो घ्या. टोकांवर पेनाने खूण करा. डब्यातली काचलोकर बाहेर काढताना मास्क आणि हातमोजे घाला. किती होती आणि कशी भरली होती हे लक्षात ठेवून तेवढीच परत भरायची. बंद पेटीच्या स्पीकरमध्ये ती नुसतं भरण नसते, खालच्या सुरांचं गणित तिच्यावर बसवलेलं असतं.

## ५. फोम बदलणं

साक्षीदाराचा नियम इथे लागू होत नाही. फोम दोन्हींचा, एकाच प्रकारचा आणि एकाच वेळी आणलेला. पण चिकटवायचे मात्र एकामागून एक, म्हणजे पहिल्यावरची चूक दुसऱ्यावर टळते.

मापं. 'दहा इंची' एवढ्यावर फोम मागवू नका. शंकूच्या काठाचा व्यास, फोमच्या फुगीर गोलाईचा आतला आणि बाहेरचा व्यास, आणि सांगाड्यावर चिकटणाऱ्या बाहेरच्या कडेचा व्यास, अशी चार मापं मिलिमीटरमध्ये घ्या. जुना फोम शंकूच्या वरून चिकटवला होता की खालून, आणि आतली कड सपाट होती की तिरकी, हेही लिहून ठेवा. तिरक्या काठावर सपाट फोम चिकटवला तर तो शंकूला कायम एका बाजूला ओढतो.

साफसफाई. अख्ख्या कामातला निम्मा वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. सांगाड्यावरची पुठ्ठ्याची कडी बोथट सुरीने हळूच उचला, ती परत लागणार आहे. जुना फोम बोटांनी आणि लाकडी काडीने खरवडा. उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस जेमतेम ओला करून काढा. कागदी शंकू भिजवायचा नाही. ब्रिटिश बनावटीच्या बऱ्याच जुन्या स्पीकरमध्ये शंकू बेक्स्ट्रीनचा असतो. ते पॉलिस्टायरिन आहे, त्यावर अ‍ॅसिटोन पडलं की शंकू विरघळतो.

गोंद. पांढरा, पाण्याने पुसता येणारा आणि वाळल्यावर पारदर्शक होणारा पीव्हीए. तो सावकाश वाळतो, म्हणून सरकवायला वेळ देतो. झटपट गोंद इथे वापरू नका. चूक झाली तर सुटत नाही आणि सांधा काचेसारखा कडक होतो.

क्रम असा. आधी फोमची आतली कड शंकूला. पातळ थर लावा, बोटाने गोल फिरत दाबा, रात्रभर तसंच सोडा. बाहेरची कड सांगाड्याला दुसऱ्या दिवशी. दोन्ही कडा एकाच बैठकीत चिकटवणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे, कारण तेव्हा शंकू मध्यावर आणायला हातात काहीच स्थिर नसतं.

बाहेरची कड लावताना वूफरला अ‍ॅम्प्लिफायरमधून ३० हर्ट्झचा हळू सूर द्या, शंकू दोन-तीन मिलिमीटर हलेल एवढाच. घासल्याचा आवाज आला तर फोम किंचित सरकवा, घास थांबेल तिथे कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चार बाजूंनी धरा. ज्यांना हे जमत नाही ते शंकूच्या मधली टोपी, म्हणजे डस्ट कॅप, कापून कॉइलच्या आत पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवतात. ती पद्धत जास्त खात्रीची आहे, पण मग नवी डस्ट कॅप हवी आणि समोरून ती दिसते.

तपासणी: दहा मिनिटांनी एकदा आणि तासाभराने एकदा सूर बंद करून, दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपभोवती सारखी ठेवून शंकू हळूच दाबा आणि सोडा. घास नको. गोंद ओढून घेताना फोम सरकतो, पहिल्यांदा बरोबर होतं म्हणून निर्धास्त राहू नका. नंतर चोवीस तास वूफरला हात नाही.

कापडी किंवा रबरी सराउंड काढून त्या जागी फोम बसवू नका. वूफरचा नैसर्गिक कंपनांक बदलतो आणि पेटीशी त्याचं जमेनासं होतं. कडक कापडाला ब्रेक फ्लुइड लावायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. करायचंच असेल तर आधी मेलेल्या वूफरवर करून बघा.

## ६. कपॅसिटर: एकाच पेटीत

आता साक्षीदार कामाला येतो. दोन्ही वूफर धड झाले, दोन्ही ट्वीटर बोलतात, आणि तरीही वरचे सूर मंद वाटत असतील तर कपॅसिटरकडे वळा. तसं वाटत नसेल तर हा टप्पा सोडून द्या. वयामुळे बदलायलाच हवेत, असं नसतं.

क्रॉसओव्हरवर बहुधा विनाध्रुव, म्हणजे धन-ऋण टोक नसलेले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. ते वाळतात तेव्हा त्यांचा आकडा सरकतो आणि आतला रोध वाढतो. मोजायचं तर एक टोक सोल्डर काढून उचला, नाहीतर मीटर शेजारच्या सुट्या भागांसकट आकडा दाखवतो. लिहिलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा (कपॅसिटरचं माप) दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर बदला.

बदलताना:

- मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त.
- अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये असतो तसा धन-ऋण खूण असलेला कपॅसिटर इथे चालत नाही.
- क्रॉसओव्हरवरच्या कॉइल (तारेच्या गुंडाळ्या) हलवू नका, त्यांची दिशाही बदलू नका. दोन कॉइल जवळ आल्या की एकमेकींच्या चुंबकीय क्षेत्रात शिरतात आणि क्रॉसओव्हर वेगळाच वागतो.

ट्वीटरच्या वाटेतल्या लहान कपॅसिटरला प्लास्टिक फिल्मच्या कपॅसिटरचा पर्याय बरेच जण वापरतात. तो वाळत नाही हे खरं, पण त्याचा आतला रोध जवळजवळ शून्य असतो. मूळ रचनेत जुन्या कपॅसिटरचा थोडा रोध धरलेला असेल तर ट्वीटर आता जास्त वाजतो. माझी पहिली जोडी टोचायला लागली त्यामागे हेच असावं. अर्धा-एक ओहमचा छोटा रेझिस्टर मालिकेत टाकून ते सावरता येतं, पण किती टाकायचा हे साक्षीदाराशिवाय ठरवणार कसं?

तपासणी: दोन्ही पेट्या शेजारी शेजारी, मोनोमध्ये (दोन्हींत एकच आवाज), तेच बोलणं. बॅलन्सची खुंटी एकदा इकडे, एकदा तिकडे. फरक आवडला तरच दुसऱ्या पेटीवर तेच काम करा. नाही आवडला तर जुने भाग अजून हातात आहेत.

## ७. बंद करणं आणि हवा धरते का बघणं

वूफरखालची जुनी गॅस्केट, म्हणजे हवा अडवणारी पट्टी, दबून सपाट झालेली असते, नवी मऊ फोमपट्टी घाला. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. चुऱ्याच्या लाकडातली स्क्रूची आटी गेली असेल तर जाड स्क्रू घुसवण्याऐवजी भोकात गोंद आणि लाकडी काडी भरून पुन्हा आटी पाडा.

बंद पेटी असेल तर वूफर हळूच आत दाबून सोडा. तो आळसावल्यासारखा, सेकंदभर तरी वेळ घेत परत यायला हवा. टचकन परत आला तर कुठेतरी गळती आहे. मागची टर्मिनलची पाटी सर्वांत आधी तपासा. पोर्ट (हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेल्या पेटीला ही तपासणी लागू नाही.

## ८. जागा

वायर साधी, जाड, तांब्याची. १.५ चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर जाऊन-येऊन ०.१२ ओहमच्या आतच राहते, घरातल्या अंतराला एवढं पुरतं. वायरवर घालवायचा वेळ जागेवर घाला.

बऱ्याच जुन्या बंद पेट्या कपाटात किंवा भिंतीला टेकून ठेवण्यासाठीच बनवलेल्या होत्या. भिंत त्यांच्या खालच्या सुरांना हातभार लावते. आजच्या सवयीने त्या उंच स्टँडवर खोलीच्या मध्याकडे आणल्या की आवाज पातळ होतो, आणि दोष पुन्हा कपॅसिटरवर जातो. आधी भिंतीजवळ ऐका, मग पंधरा-पंधरा सेंटिमीटरने पुढे आणा.

पुढे आणताना हे लक्षात ठेवा: मागच्या भिंतीवरून परतणारी लाट उशिरा येते आणि एका विशिष्ट सुराला खाते. वूफर भिंतीपासून १ मीटरवर असेल तर तो सूर सुमारे ८६ हर्ट्झ. खोलीची लांबी ४ मीटर असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, आणि त्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला नेमका तोच सूर ऐकू येत नाही. म्हणून खुर्ची मध्यावर नको, भिंतीला चिकटूनही नको.

ट्वीटर कानाच्या उंचीवर, दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं त्यांच्यापासूनचं अंतर साधारण सारखं. मग मोनो लावा. आवाज दोघांच्या बरोबर मधून यायला हवा. पसरट वाटला आणि खालचे सूर गायब झाले तर एका बाजूच्या वायरी उलट लागल्या आहेत.

## ९. ऐकण्याचे प्रयोग, पण फसवणूक टाळून

आवाज जुळवा. दोन गोष्टींपैकी किंचित मोठी वाजणारी गोष्ट 'मोठी' वाटत नाही, 'जास्त मोकळी, जास्त जिवंत' वाटते. अ‍ॅम्प्लिफायर किंवा वायर बदलून तुलना करायची तर १ किलोहर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही वेळा एक टक्क्याच्या आत आणा.

एका वेळी एकच बदल. आणि तुलना सेकंदांत करा. उठून वायर बदलून, चहा घेऊन परत बसलात तर तुम्ही आवाजाची नाही, मूडची तुलना करताय.

न बघता ऐका. दुसऱ्या कोणाला तरी नाणं उडवून बदल करायला सांगा, तुम्ही दहा वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साडेपाच टक्के आहे, नऊ किंवा जास्तची जेमतेम एक टक्का. सहा-सात बरोबर आले तर फरक सिद्ध झाला असं म्हणू नका. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दहापैकी पाच ओळखले, तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

कमी आवाजात ठरवू नका. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज कमी केला की कानाला खालचे सूर इतरांपेक्षा जास्त वेगाने कमी होताना ऐकू येतात. रात्री हळू वाजणाऱ्या वूफरला दोष देण्याआधी दिवसा नेहमीच्या आवाजात ऐका.

पेट्यांची अदलाबदल. एका बाजूने घुमतंय असं वाटलं तर डावी पेटी उजवीकडे आणि उजवी डावीकडे ठेवा, वायरी जागच्या जागी राहू देत. दोष पेटीबरोबर गेला तर पेटी पुन्हा उघडा. तिथेच राहिला तर आता वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला डाव्या-उजव्या बदला. दोष बाजू बदलून गेला तर तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही आधी आहे. तरीही हलला नाही तर तो खोलीचा आहे. पडदा, कपाट, खुर्ची सरकवून बघा, स्क्रू ड्रायव्हर ठेवून द्या.

काढलेले जुने कपॅसिटर, गॅस्केट आणि उरलेला फोम एका पिशवीत घाला. बदलल्याची तारीख, नव्या भागांचे आकडे आणि खुंट्यांची मूळ जागा एका चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी आणि पिशवी दोन्ही पेटीच्या मागच्या बाजूला, बाहेरून, चिकटवून ठेवा. आत ठेवलीत तर खालच्या सुरांना ती खडखडते, आणि तुम्ही पुन्हा टप्पा ३ पासून बझ शोधत बसाल.